दोन वायरी, एक खड्डा

ऑफिसातलं नेट गेलं की माणसं पहिल्यांदा काय करतात, कधी बघितलंय? मॉडेमकडे कुणीच बघत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात.

"तुझं चालू आहे?"

"नाही. तुझं?"

"माझंही गेलं."

आणि मग का कोण जाणे, सगळ्यांनाच जरा बरं वाटतं. आपलं एकट्याचं नाही ना गेलं, मग ठीक आहे! दहावीत गणिताचा पेपर अवघड गेल्यावर वाटायचं ना, अगदी तस्सं.

आमच्या ऑफिसात हा सीन आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा. ऑफिस म्हणजे नळस्टॉपजवळच्या एका जुन्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. भाडं पाच जणांत. हॉलमध्ये दोघं ग्राफिकवाले. एका बेडरूममध्ये सीए काका आणि त्यांच्या फायलींचे ढीग. दुसरीत मी आणि माझी सबटायटलवाली मैत्रीण. आणि किचनच्या ओट्याखाली, जिथे पूर्वी सिलिंडर असायचा, तिथे आमचा सर्व्हर. सर्व्हर म्हटल्यावर दचकू नका. काकांचा रिटायर झालेला डेस्कटॉप आहे तो. त्यात उबुंटू टाकलंय, सगळ्यांच्या फायली त्याच्यावर असतात आणि सगळ्यांचं नेटही त्याच्यातूनच जातं.

तर एका दुपारी चहा पिता पिता ठरलं, की आता बास. दुसऱ्या कंपनीचं दुसरं कनेक्शन घ्यायचं. माणशी दोनशे रुपये जादा. एक गेलं की दुसरं. डोक्याला शॉट नाही! प्रश्न एवढाच होता, की हे जोडणार कोण?

"तू मास कम्युनिकेशन केलंयस ना?" एक ग्राफिकवाला म्हणाला. "मग कम्युनिकेशनचं तूच बघ."

सगळे हसले. मीही हसले. आणि मंडळी, तिथेच फसले.

एकाच नंबरची दोन घरं

मला वाटलं होतं, यात काय मोठंसं? सर्व्हरच्या मागे दुसरी वायर खोचायची. तपकीर गल्लीत जाऊन दोन नेटवर्क कार्डं आणली. आता सर्व्हरला तीन तोंडं झाली. एक पहिल्या मॉडेमकडे, एक दुसऱ्या मॉडेमकडे आणि एक आत, आमच्या पाच जणांच्या स्विचकडे. दुसरी वायर खोचली. आणि जे एक कनेक्शन चालू होतं, तेही बंद पडलं!

दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, की दोन्ही मॉडेमचा पत्ता एकच होता. १९२.१६८.१.१. हा चोरीमारीचा प्रकार नाही बरं का. १९९६ च्या आरएफसी १९१८ या मानकानं काही पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, म्हणजे कुणीही आपल्या घरात ते बिनधास्त वापरावेत. त्यामुळे मॉडेम बनवणारे बरेच जण त्यातला हाच पत्ता घालून डबा पॅक करतात. घरात एकच मॉडेम असेल तर कुणाला काही फरक पडत नाही. पण एकाच सर्व्हरला दोन बाजूंनी एकाच नंबरची दोन घरं दिसली, तर त्यानं पत्र टाकायचं कुठल्या घरात? मी दुसऱ्या मॉडेमचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, आतल्या नेटवर्कला १९२.१६८.१०.१ दिला आणि एकदाचा सर्व्हरचा जीव भांड्यात पडला.

पुढचा घोळ दरवाज्यांचा. सर्व्हरला दोन दरवाजे असले, तरी "बाहेर जायचं कुठून?" या प्रश्नाचं त्याला एकच उत्तर लागतं. त्याला म्हणतात डिफॉल्ट गेटवे. दोन गेटवे दिले, तर प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचा आकडा लहान, तो दरवाजा आधी. पहिल्या लाइनला १००, दुसरीला २००. म्हणजे पहिली असेपर्यंत दुसरी नुसती बसून. आमच्या ग्राफिकवाल्यांना हे अजिबात पटलं नाही.

"आपण दोन्हीचे पैसे भरतोय ना? मग दोन्ही वापर! शंभरची लाइन अधिक पन्नासची लाइन, दीडशेचा स्पीड."

हा गैरसमज इतका गोड आहे, की तो मोडताना मलाच वाईट वाटलं. दोन लाइन घेतल्यानं एक डाउनलोड दीडपट वेगानं होत नाही. दोन रिक्षा बोलावल्या, म्हणून एक माणूस स्टेशनवर लवकर पोचत नाही. मात्र पाच माणसं असतील, तर तिघं एका रिक्षात आणि दोघं दुसरीत बसली की गर्दी कमी होते. बस्स, एवढाच तो फंडा! जे काम एका लाइनवरून सुरू होतं, ते त्याच लाइनवरून संपतं. वाटणी होते ती कामांची.

मग वाटणी केली. आणि दुसऱ्याच दिवशी काकांची हाक आली, "अगं, ही बँक मला दर दोन मिनिटांनी बाहेर का काढतेय?"

कारण साधं होतं. काकांच्या कॉम्प्युटरवरून एक विनंती पहिल्या लाइनवरून जात होती, पुढची दुसरीवरून. प्रत्येक लाइनचा बाहेरचा पत्ता वेगळा. बँकेला दिसत होतं, की लॉगिन करणारा माणूस एका पत्त्यावरचा आणि पैसे पाठवणारा भलत्याच पत्त्यावरचा. बँकेनं हाकलून दिलं, यात तिचं काय चुकलं? तेव्हा वाटणी कामांची न ठेवता माणसांची केली. काका आणि आम्ही दोघी पहिल्या लाइनवर, ग्राफिकवाले दुसऱ्या. लिनक्समध्ये त्यासाठी दोन वेगळी रूटिंग टेबलं करता येतात. कोण विचारतंय ते बघून कुठलं टेबल उघडायचं, एवढा नियम लिहायचा.

हाच नियम आणखी एका ठिकाणी कामाला आला. मैत्रीण रात्री घरून ऑफिसातल्या फायली उघडायला बघायची, आणि तिला काही केल्या उत्तर मिळायचं नाही. तिची विनंती दुसऱ्या लाइननं आत यायची, सर्व्हर बापडा सवयीनं पहिल्या लाइननं उत्तर पाठवायचा. म्हणजे पत्र लिहिलं कोथरूडच्या मावशीला आणि उत्तर आलं हडपसरहून! तिचा लॅपटॉप म्हणायचा, मी यांना ओळखत नाही. ज्या दारानं आलं त्याच दारानं उत्तर जाईल, असा नियम घातल्यावर ते सुटलं.

आता शेवटची परीक्षा. सगळ्यांना किचनमध्ये बोलावलं. पहिल्या मॉडेमकडून सर्व्हरकडे येणारी वायर सर्वांसमोर उपसली. दोन सेकंद... तीन सेकंद... आणि हॉलमधून आवाज आला, "चालू आहे!"

टाळ्या. वडापाव. मी जाम खूश. मैत्रिणीला म्हटलं, "आता तू तो तुझा महागडा डेटा पॅक बंद कर बघू. कशाला उगाच पैसे घालवतेस? आता सगळं ऑटोमॅटिक आहे."

तिनं केला बंद. हे वाक्य लक्षात ठेवा.

हिरवा दिवा

जीएसटीचं काम करणाऱ्या माणसाला २० तारीख काय असते, ते विचारा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची ३बी फॉर्मची ती मुदत. त्या संध्याकाळी काकांच्या खोलीत शांतता होती. वादळापूर्वी असते तशी. सात वाजता त्यांचं नेट गेलं.

मी रुबाबात म्हटलं, "थांबा काका, दुसऱ्यावर जाईल आपोआप."

गेलं नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मॉडेमवर दिवे हिरवेगार! सर्व्हर म्हणतोय, पहिली लाइन ठणठणीत आहे. शेवटी काका फोनच्या हॉटस्पॉटवर बसले आणि रात्री बारापर्यंत भरत राहिले. दोन रिटर्न राहिली. लेट फी दिवसाला पन्नास रुपये, दुसऱ्या दिवशी सकाळी भरली म्हणून दोघांचे मिळून शंभर. ते त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले.

"पैशाचं नाही गं," ते म्हणाले. "पण क्लायंटला मी काय सांगू? आमच्याकडे दोन-दोन कनेक्शनं आहेत म्हणून?"

मग त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "तू त्या दिवशी वायर काढून दाखवलीस, ती कुठली होती?"

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी उपसली होती ती मॉडेम आणि सर्व्हर यांच्या मधली वायर. ती निघाली की सर्व्हरला लगेच कळतं, कारण त्याचंच कार्ड रिकामं होतं. पण नेट तिथे कधी जातं का? ओट्याखालची दीड फुटाची वायर कोण तोडणार? नेट जातं ते मॉडेमच्या पलीकडे. रस्त्यात, खांबावर, कंपनीच्या यंत्रात. तेव्हा मॉडेम जिवंतच असतो, सर्व्हरनं हाक मारली की ओ देतो, आणि सर्व्हरला वाटतं, आलबेल आहे! फाटकावरचा वॉचमन जागा आहे, म्हणून पुढचा रस्ता मोकळा आहे असं समजण्यासारखंच ते.

म्हणून तपासणी करायची ती पलीकडची. आता सर्व्हर दर दहा सेकंदांनी दोन्ही लाइनवरून बाहेरच्या दोन पत्त्यांना हाक मारतो, १.१.१.१ आणि ८.८.८.८. दोन पत्ते अशासाठी, की एक गप्प बसला तरी घाबरायचं कारण नाही. लागोपाठ तीन वेळा दोघंही गप्प राहिले, तरच लाइन गेली असं समजायचं. आणि ती परत आली, तरी लगेच तिच्यावर उडी मारायची नाही. दोन मिनिटं नीट चालू दे, मग जा. नाहीतर धुगधुगी असलेली लाइन सगळ्यांना इकडून तिकडे नाचवत बसते. नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएससुद्धा कुठल्या एका कंपनीचा ठेवला नाही. कारण काही कंपन्यांचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून विचारलं तर उत्तरच देत नाही. मग लाइन चालू, पण एकही वेबसाइट उघडत नाही.

हे सगळं केलं, आणि या वेळी खरी परीक्षाही घेतली. मॉडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन लाइनच डिस्कनेक्ट केली. अर्ध्या मिनिटात काकांचा कॉम्प्युटर दुसऱ्या लाइनवर. मी पुन्हा खूश. आता मात्र नक्की, म्हटलं. आता काय बिघडणार?

शनिवार, साडेसहा

माझी मैत्रीण सबटायटल्स करते. पण तिला शिरायचं होतं लाइव्ह कॅप्शनिंगमध्ये. म्हणजे परदेशात कुणी भाषण करतंय आणि त्याच क्षणी पडद्यावर त्याचे शब्द उमटतायत. जाम कठीण काम, पैसेही तसेच. दोन महिने पाठपुरावा करून तिला एका परदेशी क्लायंटनं एक तासाची ट्रायल दिली होती. ते काम लागलं असतं, तर रात्री जागून करायची दोन फुटकळ कामं तिला सोडता आली असती. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुरुवात. घरी लहान भाचा, आवाज, म्हणून ती मुद्दाम ऑफिसात बसली.

सहा पन्नासला दोन्ही लाइन गेल्या.

एक नाही, दोन्ही. एकाच सेकंदाला. सर्व्हरनं काय करायचं होतं ते चोख केलं. पहिली मेली म्हणून दुसरीकडे वळला, आणि दुसरी तिच्याआधीच मेलेली होती. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, तिचा लॅपटॉप जोडला, परत लॉगिन केलं. त्यात अकरा मिनिटं गेली. भाषण चालूच होतं. खाली शब्दही उमटत होते. त्यांनी जागेवर दुसरा माणूस तयार ठेवला होता, आणि आता तोच टाइप करत होता. त्यांचा बॅकअप मात्र चालला!

ती काही बोलली नाही. लॅपटॉप मिटला.

मी खाली धावले. फाटकाबाहेर खोदकाम चालू होतं, जेसीबीचा दात खड्ड्यात आणि खड्ड्यातून वर आलेला एक फाटका पीव्हीसी पाइप. त्यात दोन वायरी. एक काळी, एक पांढरी. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन कस्टमर केअर. आणि पाइप एकच.

आता खरं सांगते. तो पाइप मीच सुचवला होता. दुसऱ्या कनेक्शनची वायर ओढायला मुलगा आला होता, तेव्हा तो विचारत होता, "मॅडम, मागच्या गल्लीतून आणू का वरून?" आणि मी म्हटलं होतं, "कशाला दादा? इथे आयता पाइप आहे ना, त्यातूनच घ्या. भिंतीला नवीन भोक पाडलं की आमचे सेक्रेटरी ओरडतात." त्याचं काम अर्ध्या तासात उरकलं. मी त्याला चहासुद्धा दिला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, तेव्हा कळलं की या बाबतीत मी एकटी नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. वेगवेगळ्या मालकांच्या, पण भूमध्य समुद्रातला रस्ता जवळजवळ एकच. भारतातल्या इंटरनेटला केवढा तरी दणका बसला. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा एकदम एकाहून जास्त केबल गेल्या आणि भारतापर्यंत नेट मंदावलं. मोठमोठ्या लोकांचं समुद्रात होतं, ते आमचं नळस्टॉपला झालं. मनाला तेवढंच समाधान. पण मैत्रिणीचं काम त्यानं परत येणार नव्हतं.

वायर काढायचा दिवस

सोमवारी मी सगळ्यांना पुन्हा किचनमध्ये बोलावलं. वडापावशिवाय. आणि एक प्रश्न विचारला: आपल्या दोन कनेक्शनांमध्ये काय काय एकच आहे?

यादी करायला बसलो आणि गप्प झालो. पाइप एक. दोन्ही मॉडेम एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, जो मावशी लादी पुसताना अधूनमधून काढतात. यूपीएस एक, आणि तोही फक्त सर्व्हरला, मॉडेमना नाहीच! वीज गेली की सर्व्हर चालू आणि नेट बंद. सर्व्हर तर एकच एक. तो बसला, तर दोन काय, दहा लाइन असून उपयोग नाही. आणि हे सगळं समजणारी व्यक्तीही एकच. मी. मी सुट्टीवर गेले की संपलं.

मग एकेक मोडत गेलो. दुसरी वायर मागच्या गल्लीतून आणली. सेक्रेटरी ओरडले, ऐकून घेतलं. दोन्ही मॉडेम वेगळ्या प्लगवर आणि दोन्ही यूपीएसवर. तिसरा म्हणून सिमकार्डवर चालणारा एक छोटा राउटर, तिसऱ्याच कंपनीचा. टॉवरलाही शेवटी जमिनीतली फायबर लागते, हे खरं. पण निदान आमच्या फाटकातला खड्डा त्याच्या वाटेत येत नाही. सिमच्या लाइनवर बहुधा स्वतंत्र पब्लिक पत्ता मिळत नाही, हजारो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे घरून ऑफिसच्या फायली त्यावरून उघडत नाहीत. चालेल. अडीअडचणीला रिटर्न भरता आलं म्हणजे झालं.

आणि किचनच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. साध्या मराठीत. लाल पट्टीची वायर पहिली, निळ्या पट्टीची दुसरी. कुठला दिवा कुठल्या रंगाचा असायला हवा. सर्व्हरच बसला, तर त्याच्या नादी न लागता थेट मॉडेमच्या वायफायवर जा, पासवर्ड हा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: लाइन बदलताना व्हिडिओ कॉल तुटतो. पत्ता बदलतो, तो तुटणारच. घाबरू नका, परत लावा.

दर महिन्याच्या एक तारखेला चहाच्या वेळी आम्ही एक लाइन मुद्दाम बंद करतो. दर वेळी वेगळा माणूस. मागच्या वेळी काकांची पाळी होती. त्यांनी कागद वाचत वाचत, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत पहिली लाइन बंद केली आणि घड्याळ लावून बसले. छत्तीस सेकंद. त्यांच्या चेहऱ्यावर रिफंड मिळाल्यासारखा आनंद होता.

मैत्रिणीला मी सॉरी म्हटलं होतं, त्याच रात्री. ती "असू दे गं" म्हणाली होती. पण असू दे म्हटलेलं सगळं असंच विसरता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. त्या क्लायंटनं परत बोलावलं नाही. तिनं आणखी दोन ठिकाणी ट्रायल मागितली आहे.

परवा तिच्या फोनवर रिचार्जचा मेसेज आलेला दिसला. तोच महागडा पॅक. मी काही न बोलता तिच्याकडे बघितलं.

"तुझ्यावर विश्वास आहे यार," ती म्हणाली. "पण पॅक चालू ठेवलाय."

मी म्हटलं, "बरं केलंस."